नंदोईंची हलती चित्रं

थांबलेली वस्तू म्हणजे बिघडलेली वस्तू, एवढ्या एका समजुतीवर सगळं आयुष्य काढलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. ते माझे नंदोई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान. राहतात धुळ्याला, सगळे त्यांना नाना म्हणतात. मी लग्न होऊन जळगावात आले तेव्हापासून त्यांना ओळखते, आणि एवढ्या वर्षांत त्यांना पाठ टेकून बसलेलं पाहिलेलं नाही. जेवताना त्यांचा डावा गुडघा हलतो, त्यामुळे पंगतीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्याची आमटी वाटीत राहत नाही. आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी दाराची कडी खुळखुळवून बघतात, मग आत येऊन भर थंडीत पंखा एकवर लावतात. "वहिनी, पंखा बंद राहिला की जाम होतो." आमच्या बैठकीत सासऱ्यांच्या वेळचं एक बंद घड्याळ होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं त्याच्यावाचून. नानांनी ते एका दुपारी उघडलं, त्यात काय केलं कोण जाणे, ते चालू झालं आणि दिवसाला चाळीस मिनिटं पुढे जाऊ लागलं. मी म्हटलं, "नाना, आधी दिवसातून दोनदा तरी बरोबर वेळ दाखवायचं." ते म्हणाले, "वेळेचं राहू द्या वहिनी, चालू तर झालं ना?"

अशा माणसाच्या घरात गेल्या श्रावणापासून एक हात हलत नाहीये. हात अक्कांचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. लकव्याचा झटका आला. जीव वाचला, चालणं काठीच्या आधाराने सुरू झालं, बोलणं दोन महिन्यांत परत आलं, आधीपेक्षा थोडं जास्तच आलं असं माझं मत आहे. पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. डॉक्टरांनी सांगितलं, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं, व्यायाम सोडू नका. अक्कांनी तो चौथ्या दिवशी सोडला. तेव्हा वर्ष संपायच्या आत हा हात उठतो की नाही, एवढी एकच गोष्ट सध्या आमच्या नात्यात सगळ्यांच्या डोक्यात आहे, आणि नानांनी तिच्यावर जो उपाय काढलाय तो कळायला आधी नानांची वेबसाइट कळावी लागते. त्याला माझा इलाज नाही.

नाना मूळ धरणगावकडचे. तिथल्या एका जिनिंगमध्ये ते सुपरवायझर होते. दिवाळीच्या आसपास कापूस आला की यंत्रं सुरू व्हायची, सरकी एकीकडे, रुई एकीकडे, आणि त्या घरघरीत नाना पोहत असायचे. बाहेर टपरीवर चहा पिताना आत एक यंत्र बंद पडलं तर कपातला चहा टाकून पळायचे. बाकीच्यांना काही ऐकूच आलेलं नसायचं. पण उन्हाळा लागला की कापूस संपायचा आणि पुढे कितीतरी महिने सगळं गप्प. त्या शांततेत ते आजारीच पडायचे. अक्का सांगतात, एका वर्षी त्यांनी घरातली कपाटं चार वेळा जागची हलवली. चौथ्या वेळी माहेरी निघालेल्या अक्कांना स्वतःचं पातळ सापडेना. अशाच एका रिकाम्या ज्येष्ठात ते धुळ्याच्या सायबर कॅफेत पुतणीचा निकाल बघायला गेले. निकाल उघडायला वेळ लागत होता म्हणून शेजारच्या पडद्याकडे बघितलं. कुणाच्या तरी वेबसाइटवर एक समई होती, आणि तिची ज्योत हलत होती. नाना उभ्या उभ्याच खिळले, असं कॅफेवाला पुढे कितीतरी वर्षं सांगायचा. मग म्हणाले, "मोटर नाही, पट्टा नाही, तेलपाणी नाही, तरी चालू शे!" पुतणी पास झाली की नाही हे घरी आल्यावर त्यांना सांगता आलं नाही.

तीन महिन्यांत नानांची स्वतःची वेबसाइट झाली. स्वतःच्या भावकीशी त्यांचं पटत नसल्यामुळे ती त्यांनी सासरच्या नावाने काढली, म्हणजे आमच्या. उघडली की आधी "सुस्वागतम्" ही अक्षरं एकेक करून उड्या मारत यायची. दोन्ही बाजूंना दोन समया. वर फिरणारा पृथ्वीचा गोल, त्याच्याखाली धावणारा घोडा, आणि कोपऱ्यात एक पाकीट आपलं आपण उघडून त्यातून पत्र बाहेर यायचं आणि परत आत जायचं. प्रत्येक ओळीपुढे "नवीन" असा लाल शिक्का उघडझाप करायचा, अगदी आमच्या पणजोबांच्या नावापुढेसुद्धा. तळाशी पिवळी टोपी घातलेला एक मजूर फावड्याने खड्डा खणत असायचा आणि त्याच्याखाली लिहिलेलं, "काम चालू आहे". त्या वेळच्या टेलिफोनवरच्या इंटरनेटने हे सगळं उघडेपर्यंत माझा कुकर होत असे. माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी रक्त द्यायला आलेल्या लोकांना वेळ जावा म्हणून मी एकदा ती कॉम्प्युटरवर लावून ठेवली, तर एका आजोबांना चक्कर आली.

ही चित्रं सुरुवातीला इकडून तिकडून आणलेली होती. पण उसना घोडा किती दिवस पळवणार? नाना स्वतः चित्रं करू लागले. पद्धत त्यांची त्यांनी काढलेली. आधी आपला फोटो काढायचा, मग आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून तो चार वेळा काढायचा, दर वेळी हात थोडा वेगळा, आणि मग तेच चौकोन कॉम्प्युटरमध्ये एकेक करून भरायचे. चार चौकटी एकामागून एक पळवल्या की माणूस हलायला लागतो. नानांनी आमच्या घरातल्या प्रत्येकाला असं हलवलं. सासूबाई जाळावर वांगं फिरवायच्या. माझा नवरा वर्तमानपत्राचं पान उलटायचा आणि वाचायचा काहीच नाही, जे खरंच आहे. साक्रीकडचे चुलत सासरे बैलगाडी हाकायचे, चाकं फिरायची, गाडी तिथेच. मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय करताना घेऊ?" मी म्हटलं, मला कामं आहेत, आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात बघते तर वेबसाइटवर मी फोन उचलत होते आणि ठेवत होते, उचलत होते आणि ठेवत होते. अक्का सूप घेऊन धान्य पाखडायच्या. सूप वर जायचं, चार दाणे उडायचे, सूप खाली यायचं. सगळ्यांत चांगलं चित्र तेच होतं. त्याला चार नाही, नऊ चौकटी होत्या. का, ते कुणी विचारलं नाही.

मग आमचे सासरे गेले. त्यांचं चित्र अडकित्त्याने सुपारी कातरण्याचं होतं. घरात दहाव्याची तयारी चाललेली आणि हे जावई कॉम्प्युटरपुढे. मला राग आला. जाऊन बघितलं तर नाना त्या चार चौकटी पुढे-मागे करत बसलेले. म्हणाले, "वहिनी, आता आबांचं चालू ठेवणं बरोबर दिसत नाही. पण थांबवू कुठे? अडकित्ता मिटलेला ठेवला तर काम संपल्यासारखं दिसतं." शेवटी उघड्या अडकित्त्याची एक चौकट ठेवून बाकी तीन काढून टाकल्या. तेव्हापासून तो रिवाजच पडला. आमच्यात कुणी गेलं की नाना त्याचं चित्र थांबवतात. नातेवाईक सुरतेला, पुण्याला, कुठेकुठे. त्यांना आधी वेबसाइटवरूनच कळायला लागलं. "चित्र थांबलं का?" असंच विचारतात आता आमच्याकडे. मरणाचा शब्द कुणी काढत नाही.

या रिवाजापायी मी एकदा मेले. अक्का धडधाकट होत्या तेव्हाची गोष्ट. रविवार होता, मी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड घालत होते. ज्वारीच्या पिठाने हात कोपरापर्यंत भरलेले. खाली जीप थांबली आणि एकदम पाच बायकांनी गळा काढलेला ऐकू आला. आमच्याकडे मयताच्या घरी लांबचे नातलग असे दारावर येतात. जीपमधून पाय खाली टेकला की रडणं सुरू. मला वाटलं शेजारी काहीतरी झालं. घाईने खाली आले तर साक्रीकडच्या चुलत सासूबाई पदर तोंडाला लावून माझ्याच उंबऱ्यात.

"माय व, कशी गयी व तू!"

"काकू, कोण गेलं?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच गयी ना व."

"मी वर बिबड्या घालत होते."

"पण तुनं चित्तर थांबेल शे ना!" असं म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. खरंच, मी फोन उचलून तशीच थांबलेली. त्यांच्या गावात रेंज येते ती टेकडीवरच्या लिंबाखाली, तीही वाऱ्यावर. पहिली चौकट आली होती, पुढच्या आल्याच नव्हत्या.

"अहो पण निघायच्या आधी एक फोन करायचा ना."

"मरेल माणूसना घरले कोणी फोन करस का?" काकूंनी मला झापलं. पाचही बायकांनी डोळे पुसले. पण रडं असं मध्येच सोडता येत नाही. मग आमच्या सासूबाई आठवल्या, त्या जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या नावाने सगळ्यांनी उरलेलं रडून घेतलं. चहा झाला, आणि नंतर सगळ्याजणी वर येऊन बिबड्या घालू लागल्या. त्या वर्षी बिबड्या लवकर उरकल्या, हे मान्य केलं पाहिजे. संध्याकाळी मी धुळ्याला फोन लावला. "नाना, तुमच्यामुळे मी मेले." तिकडे ते येरझाऱ्या घालत असल्याचं आवाजावरून कळत होतं. "वहिनी, नेट स्लो शे. एक चौकट पोचली, बाकी तिघी वाटेत असतील."

तर अशा या वेबसाइटवर अक्कांचं सूप पाखडण्याचं चित्र चालू होतं, आणि अक्का त्याच्यासमोर खाटेवर हात मांडीवर टाकून. मी दर शनिवारी लॅब बंद करून पारोळ्यावरून धुळ्याला जाते, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. अक्का म्हणाल्या, "ते बंद करा."

"काय?" नाना म्हणाले.

"माझं सूप. तो हात माझा नाही."

"बंद केलं तर लोक दारावर येतील."

"येऊ द्या. मी आहे ना घरात, मी बघेन कोण खरं रडतंय ते."

नाना खोलीत फिरायला लागले. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. चित्र थांबवणं त्यांना शक्य नव्हतं, त्याचा अर्थ आमच्यात एकच. चालू ठेवणं अक्कांना चालत नव्हतं. शेवटी त्यांनी ते काढलं, आणि जागा मोकळी दिसू नये म्हणून तळाचा तो पिवळ्या टोपीचा मजूर उचलून अक्कांच्या नावाखाली आणून ठेवला. चांगल्या मनाने ठेवला. दुसऱ्या दिवसापासून फोन. पुण्याच्या भाच्याने विचारलं, "मामी, नानांच्या साइटवर अक्कांच्या फोटोच्या जागी माणूस खड्डा खणतोय. खरं सांगा, काय झालंय?" मी अक्कांना हे सांगितलं. त्या हसल्या, तोंडाच्या एकाच बाजूने, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, "आधी तो खड्डेवाला उचला. माझं नवीन लावा."

"नवीन लावायला हात पाहिजे."

"आहे तसा घ्या."

"एक फोटो म्हणजे थांबलेलं चित्र. ते मी लावणार नाही." नाना एकदम थबकले. "रोज एक फोटो घेऊ. रोज कालच्यापेक्षा गहूभर वर. सगळे एकामागे एक पळवले की तुझा हात उठेल."

"कुठपर्यंत?"

"तू सांग."

अक्कांनी विचार केला. "कपाळापर्यंत. माझी टिकली मी लावेन. तुम्ही कधी भुवईवर लावता, कधी भांगात लावता. एका जागी उभं राहून लावाल तर ना."

ठरलं. पण अक्कांनी अट घातली, दिवसाला एकच चौकट. दुसऱ्यांदा उचल म्हणालात तर सगळं बंद. फिजिओथेरपीवाल्या बाई बिचाऱ्या सांगून थकल्या, दहा-दहा वेळा करा, दिवसातून तीनदा करा. अक्का म्हणायच्या, "तुम्हाला नुसता व्यायाम पाहिजे, मला चित्र पूर्ण करायचंय. घाई चालायची नाही." आणि पहिल्या आठवड्यात नवीच अडचण निघाली. सगळे फोटो हललेले. हलत होता तो हात अक्कांचा नव्हे, फोटो काढणाऱ्याचा. नानांना मोबाइल दोन सेकंदसुद्धा स्थिर धरता येईना. नानांनी यावर तोड काढली ती अशी: स्टुलावर बसायचं, डावा गुडघा स्टुलाच्या पायाला टॉवेलने बांधायचा, आणि श्वास रोखायचा. साठी कधीच उलटलेला हा माणूस रोज उन्हं कलली की स्वतःला बांधून घेऊन बायकोसमोर बसतो आणि म्हणतो, "चालू कर."

मी हे हसण्यावारी नेलं होतं. पण पौषात हात पोटापर्यंत आला. फाल्गुनात छातीपर्यंत. ते चित्र मी बघितलंय. त्यात अक्कांचं पातळ क्षणाक्षणाला बदलतं, मागच्या दोरीवरचे कपडे येतात आणि जातात, आणि हात मांडीवरून थरथरत वर निघतो. मधून मधून खालीही येतो, कारण काही दिवस वाईट गेले. मी म्हटलं, "नाना, ते खालचे काढून टाका ना." ते म्हणाले, "कशाला वहिनी? यंत्र धक्के खातच सुरू होतं." वर हनुवटीपाशी पोचला की चौकटी संपतात आणि हात धपकन मांडीवर. परत सुरू. अक्कांना ते धपकन पडणं आवडत नाही. मलाही नाही. कारण वैशाख आला आणि हात हनुवटीपाशी अडला. तीन आठवडे तिथेच. नानांनी घरातलं कपाट हलवलं. कूलर या खिडकीतून त्या खिडकीत लावला, परत या खिडकीत आणला. डॉक्टरांनी दिलेलं वर्ष संपायला तीन महिने राहिले होते, आणि तो आकडा घरात कुणी तोंडाने काढत नव्हतं.

गेल्या शनिवारी मी पोचले तेव्हा त्या दिवशीची चौकट व्हायची होती. उजेड तोंडावर येत होता म्हणून मी पडदा धरून उभी राहिले. नानांनी गुडघा बांधला. "चालू कर." हात निघाला. पोट, छाती, गळा. हनुवटीपाशी नेहमीसारखा थरथरला. मला वाटलं, झालं, इथेच. अक्कांनी डोळे मिटले, कपाळावर घामाचे थेंब, आणि बोटं खालच्या ओठाला लागली. मग वरच्या. मग नाकाचा शेंडा. "घ्या ना लवकर!" अक्का दातांमधून म्हणाल्या. नाना मोबाइल धरून बसलेले. हलले नाहीत. हात आणखी एक-दोन क्षण तिथे राहिला आणि मांडीवर पडला.

"घेतला का?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"राहिला," नाना म्हणाले.

त्यानंतर अक्कांनी जे ऐकवलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यात धरणगावची जिनिंग होती, कपाटं होती, मांडवात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी पाट सरळ करायला वाकलेले नवरदेव होते. "मी इथे जीव काढून हात धरते, आणि यांचा म्हणे राहिला!"

"उद्या घेऊ," नाना हळूच म्हणाले.

"उद्याचा उद्या! आजचा आजच झाला पाहिजे. धरा तो फोन नीट."

आणि हात पुन्हा निघाला. एका दिवसात दुसऱ्यांदा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, कुणी उचल न म्हणता. नाना खरंच विसरले होते की काय, ते मी विचारलं नाही. त्यांचं तोंड मोबाइलमागे होतं. माझी साडेपाचची गाडी होती आणि सव्वापाच वाजले होते. या गाडीनंतर थेट आठची. हात गळ्यापर्यंत आला होता. मी पडदा सोडला नाही.